देवडीवरची ओळख

जबलपूरहून दिंडोरीकडे जाणारा रस्ता धरला म्हणजे वाटेत कुंडम हे तहसिलीचे गाव लागते. आसपासच्या खेड्यांतून गोंड आदिवासींची वस्ती मोठी आहे. प्रस्तुत प्रकरणातील उदाहरण वाचकांच्या सोयीसाठी आपण याच गावी नेऊन ठेवू. समजा, कुंडमला एक सार्वजनिक वाचनालय आहे आणि त्याच्या एका कोपऱ्यात सर्वांच्या उपयोगाचा एक संगणक आहे. वाचनालय कल्पित आहे, संगणकही कल्पित आहे; त्यांच्यापुढे उभी असलेली अडचण मात्र कल्पित नाही.

या संगणकावर येणारा विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो, परीक्षेचा निकाल पाहतो, विद्यापीठाच्या ग्रंथालयातील नियतकालिके वाचू इच्छितो आणि शेवटी वाचनालयाच्याच संकेतस्थळावर एखादे पुस्तक राखून ठेवतो. प्रत्येक ठिकाणी त्याला नाव विचारले जाते व प्रत्येक ठिकाणी निराळा संकेतशब्द मागितला जातो. चार संकेतशब्द लक्षात ठेवणे कोणालाही जड जाते. मग तो सर्वत्र एकच संकेतशब्द वापरू लागतो, किंवा तो वहीच्या मागील पानावर लिहून ठेवतो, किंवा (आणि ही गोष्ट आपल्याकडे फार आढळते) संगणकाजवळ बसणाऱ्या गृहस्थाला सांगून मोकळा होतो. त्या गृहस्थाच्या खणात अर्ध्या गावाचे संकेतशब्द असलेली एक वही असते. तो प्रामाणिक आहे हे गावाचे सुदैव. परंतु कोणाचीही सुरक्षितता दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर सोपविलेली असू नये.

एकदा ओळख पटवावी आणि त्या एका ओळखीवर अनेक दारे उघडावीत, या व्यवस्थेस आपण 'एकल प्रवेश' असे म्हणू. ही व्यवस्था नव्याने बांधल्या जाणाऱ्या संकेतस्थळात आरंभापासूनच योजता येते. पण जे संकेतस्थळ आधीच उभे आहे, ज्याचा कर्ता गाव सोडून गेला आहे आणि ज्याच्या आतील रचनेला हात लावण्याचे धैर्य कोणातही नाही, त्याचे काय करावयाचे? अशा वेळी घराच्या भिंती न पाडता पुढे एक देवडी बांधावी आणि तिच्यावर पहारेकरी बसवावा. येणाऱ्याची ओळख देवडीवर पटेल; घराने देवडीच्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा. या देवडीलाच संगणकाच्या परिभाषेत ऑथेंटिकेशन प्रॉक्सी हे नाव आहे.

'प्रॉक्सी' या शब्दासाठी मराठीत नवा शब्द घडविण्याची आवश्यकता नाही. आपल्या कोर्टकचेऱ्यांत 'मुखत्यार' हा शब्द पूर्वापार रूढ आहे. मुखत्यार म्हणजे दुसऱ्याच्या वतीने बोलणारा, ज्याच्या सहीला मूळ मालकाच्या सहीचे मोल आहे असा मनुष्य. अनुवादकाच्या कानाला हा शब्द 'प्रतिनिधी' या शब्दापेक्षा अधिक नेमका वाटतो. कारण मुखत्यारपत्र देताना मालक जितका विचार करतो तितकाच विचार येथेही करावयाचा आहे.

संगणकाने नाव विचारण्याची प्रथा तशी जुनी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत १९६१ च्या सुमारास अनेकांनी मिळून एकच संगणक वापरण्याची पद्धत सुरू झाली. प्रत्येकाच्या कागदपत्रांचे खासगीपण राहावे म्हणून तेथे संकेतशब्द आला. पुढच्याच वर्षी तेथील एका संशोधकाने संकेतशब्दांची संपूर्ण यादीच छापून घेतली, हीही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. याच संस्थेत १९८३ मध्ये 'अथेना' नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्यातून 'कर्बेरॉस' ही पद्धत जन्मली. तीत मनुष्याने दिवसाच्या आरंभी एकदा ओळख पटवावी आणि नंतर प्रत्येक सेवेसाठी एका मध्यवर्ती कचेरीकडून चिठ्ठी घ्यावी, अशी योजना होती. कर्बेरॉस हा ग्रीक पुराणातील पाताळाच्या दारावरचा तीन डोक्यांचा कुत्रा. आपल्याकडेही यमाच्या वाटेवर चार डोळ्यांचे दोन श्वान आहेत. द्वाररक्षणाचे काम कुत्र्याकडे सोपविण्याविषयी दोन्ही संस्कृतींचे एकमत दिसते.

कर्बेरॉस एका संस्थेच्या आवारात उत्तम चालतो. संस्था निराळ्या आणि मध्ये सार्वजनिक जाळे, अशी परिस्थिती आली तेव्हा नव्या पद्धती शोधाव्या लागल्या. २००२ मध्ये 'सॅमल' या प्रमाणपद्धतीची पहिली आवृत्ती निघाली आणि २००५ मध्ये दुसरी, जी आजही विद्यापीठांत वापरात आहे. २०१२ मध्ये 'ओ-ऑथ' या पद्धतीची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. ती मुळात ओळखीसाठी नव्हती, परवानगीसाठी होती: 'माझ्या वतीने हे एवढे काम कर' असे सांगण्याची ती रीत. तिच्यावर ओळखीचा थर चढवून २०१४ मध्ये 'ओपन-आयडी कनेक्ट' ही पद्धत सिद्ध झाली. आपल्या देवडीवर आपण हीच वापरणार आहोत.

तत्पूर्वी एक खरे उदाहरण पाहू, कारण मुखत्यार द्वारपालाची कल्पना प्रथम फळाला आली ती ग्रंथालयांत.

नियतकालिकांचे प्रकाशक विद्यापीठाकडून वर्गणी घेत आणि त्या विद्यापीठाच्या आवारातील संगणकांचे पत्ते आपल्याकडे नोंदवून ठेवीत. त्या पत्त्यावरून मागणी आली की दार उघडे. मागणारा कोण, हे कोणी विचारीत नसे. तो कोठे बसला आहे एवढेच पाहिले जाई. जबलपूरच्या राणी दुर्गावती विश्वविद्यालयात शिकणारा मुलगा सुटीत कुंडमला घरी गेला की त्याच्या मागणीचा पत्ता बदले आणि जे लेख काल वाचता येत होते ते आज बंद होत. मुलगा तोच, वर्गणी तीच. केवळ जागा पालटली.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील एका छोट्या महाविद्यालयात ग्रंथपालाचे काम करणाऱ्या ख्रिस झगार यांनी या अडचणीवर १९९९ मध्ये 'ईझी-प्रॉक्सी' नावाची आज्ञावली लिहिली. विद्यार्थ्याने घरून या मुखत्याराकडे यावे, आपली ओळख पटवावी आणि मग मुखत्याराने स्वतःच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या, पत्त्यावरून प्रकाशकाकडे लेख मागून आणून द्यावा, अशी ती सरळ योजना होती. प्रकाशकाला काही बदलावे लागले नाही. विद्यार्थ्यालाही नवे काही शिकावे लागले नाही. आपल्या देशात महाविद्यालयांसाठी २०१० मध्ये सुरू झालेली 'एन-लिस्ट' योजना याच धर्तीवर चालली. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राने महाविद्यालयातील अध्यापक व विद्यार्थ्यांना नाव व संकेतशब्द दिले आणि केंद्राच्या सर्व्हरमार्फत त्यांना ग्रंथ व नियतकालिके उघडी करून दिली.

याच केंद्राने पुढे 'इन्फेड' नावाचा संघ उभारला. त्यात मुखत्याराऐवजी परस्परविश्वासाची व्यवस्था आहे: विद्यार्थी प्रकाशकाच्या दारी जातो, प्रकाशक त्याला त्याच्या संस्थेकडे पाठवितो, संस्था ओळख पटवून स्वाक्षरीनिशी परत पाठविते. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या योजनेत तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके केंद्र व राज्य शासनांच्या उच्चशिक्षण संस्थांना खुली झाली. तिचे संयोजनही इन्फ्लिबनेटकडेच आहे. घरी बसलेल्या वाचकाला या संपदेपर्यंत नेण्याचा मार्ग अशा संघातूनच जातो.

इन्फेड ज्या आज्ञावलीवर उभा आहे तिचे नाव 'शिबोलेथ'. हा शब्द बायबलमधील एका कथेतून आला आहे. जॉर्डन नदीच्या उतारावर पहारेकरी प्रत्येकास हा शब्द उच्चारावयास सांगत. शत्रुपक्षाच्या लोकांना त्यातील 'श' म्हणता येत नसे आणि ते पकडले जात. जबलपूरच्या वाचकाला यावरून कर्नल स्लीमनचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. याच शहरात राहून त्याने ठगांचा बीमोड केला आणि त्यांच्या 'रामासी' या गुप्त बोलीचा कोश १८३६ मध्ये प्रसिद्ध केला. अनोळखी प्रवाशांच्या तांड्यात आपला माणूस कोणता, हे ठग शब्दांवरून ओळखीत. पण कोश छापला गेला आणि गुप्त शब्द कोणालाही बोलता येऊ लागला. शब्दावर आधारलेल्या प्रत्येक ओळखीचे हेच दुखणे आहे.

आता दोन प्रकारच्या मुखत्यारांतील भेद ध्यानी घ्यावा. ईझी-प्रॉक्सी वाचकाच्या बाजूला उभा राहतो आणि त्याच्या वतीने बाहेर जातो. आपल्याला हवा आहे तो संकेतस्थळाच्या बाजूला, त्याच्या पुढ्यात उभा राहणारा. पहिला मुखत्यार वकिलासारखा आहे, तर दुसरा देवडीवरच्या हवालदारासारखा. या दुसऱ्या प्रकारास 'रिव्हर्स प्रॉक्सी' म्हणतात.

कुंडमच्या वाचनालयाकडे परत येऊ. जिल्ह्यातील काही वाचनालयांनी मिळून जबलपूरला एक ओळख-केंद्र चालविले आहे, असे समजू. त्यासाठी 'कीक्लोक' ही २०१४ पासून उपलब्ध असलेली मुक्त आज्ञावली पुरते. कुंडमचे संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर आहे त्याच्या पुढील दारी 'एनजिनएक्स' हा सर्व्हर बसविला आणि त्याच्या हाताशी 'ओ-ऑथ-टू प्रॉक्सी' ही आज्ञावली दिली. ही मुळात बिटली या कंपनीतील लोकांनी लिहिली. आता स्वयंसेवकांचा एक गट तिची देखभाल करतो. पहिल्याचे काम दार उघडण्याचे, दुसऱ्याचे ओळख पाहण्याचे.

वाचक आपल्या ब्राउझरमध्ये वाचनालयाचा पत्ता टाइप करतो. मागणी देवडीवर येते. एनजिनएक्स ती तशीच आत न पाठविता प्रथम आपल्या सोबत्याला विचारतो, 'याला ओळखतोस काय?' सोबती मागणीसोबत आलेली कुकी पाहतो. कुकी म्हणजे पूर्वीच्या भेटीत देवडीनेच दिलेला व ब्राउझरने जपून ठेवलेला एक छोटा परवाना. परवाना नसेल तर उत्तर नकारार्थी येते आणि ब्राउझरला जबलपूरच्या ओळख-केंद्राकडे जाण्याची आज्ञा होते. जाताना देवडी त्याच्याजवळ तीन गोष्टी देते: आपण कोणत्या संकेतस्थळाकडून आलो त्याचे नाव, परत कोठे यावयाचे तो पत्ता, आणि त्या क्षणी यदृच्छया निवडलेली एक खूण. ही खूण परत येताना जुळली पाहिजे. अन्यथा कोणी तरी मध्येच दुसऱ्याची ओळख आपल्या वाचकाच्या गळ्यात अडकवू शकेल.

ओळख-केंद्रात वाचक आपले नाव व संकेतशब्द देतो. येथे थोडे थांबावयास हवे, कारण या व्यवस्थेचा सर्वांत मोठा लाभ नेमका याच ठिकाणी आहे. संकेतशब्द कुंडमच्या संकेतस्थळाला कळतच नाही. तो तेथे साठविला जात नाही, म्हणून तेथून चोरीला जाण्याचाही प्रश्न उद्‌भवत नाही. मोबाइलवर येणारा अंक विचारावयाचा झाला तरी तो एकाच ठिकाणी विचारला जातो, आणि ती सुरक्षा सर्व वाचनालयांना आपोआप लाभते.

ओळख पटली की केंद्र वाचकाला एक अल्पायुषी संकेतांक देऊन परत पाठविते. त्याचे आयुष्य दहा मिनिटांहून अधिक असू नये असे प्रमाणपद्धती सुचविते, आणि तो एकदाच वापरता येतो. हा संकेतांक म्हणजे ओळख नव्हे, तर ओळखपत्र मागविण्याची केवळ पावती. देवडी ती पावती घेऊन, वाचकाच्या ब्राउझरला मध्ये न आणता, स्वतः केंद्राशी संपर्क साधते, आपल्याजवळचे गुपित दाखविते आणि बदल्यात सही केलेले ओळखपत्र मिळविते. ओळखपत्र ब्राउझरच्या हाती न देण्याचे कारण उघड आहे: रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या पिशवीतून जे पडू शकते ते त्याच्या पिशवीत ठेवूच नये.

देवडी मग ओळखपत्र तपासते. सही त्या केंद्राचीच आहे ना? पत्र आपल्याच नावे आहे ना, की शेजारच्या वाचनालयासाठी दिलेले कोणी येथे आणले? मुदत संपली तर नाही? या मुदतीच्या बाबतीत लहान गावांतून एक विलक्षण अडचण येते. वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी संगणकाच्या आतील घड्याळाची बॅटरी संपलेली असली तर घड्याळ मागे पडते किंवा भलत्याच तारखेवर जाते, आणि सर्वस्वी निर्दोष ओळखपत्रे 'अद्याप लागू नाही' किंवा 'मुदतबाह्य' म्हणून फेटाळली जातात. सर्व काही बरोबर असूनही दार उघडत नाही, असे झाले तर प्रथम घड्याळ पाहावे. सर्व्हरचे घड्याळ जाळ्यावरील प्रमाणवेळेशी जुळते राहील अशी योजना आरंभीच करून ठेवावी.

तपासणी झाली की देवडी स्वतःचा परवाना, म्हणजे कुकी, ब्राउझरला देते. ती ज्या गुपिताने बंद केलेली असते ते सोळा, चोवीस किंवा बत्तीस बाइट लांबीचे असावे लागते. कुकी फक्त सुरक्षित मार्गानेच जावी आणि पानातील आज्ञावलींना ती वाचता येऊ नये, ही बंधनेही घालता येतात व घालावीतच. यानंतर वाचकाची मूळ मागणी आत, वाचनालयाच्या जुन्या संकेतस्थळाकडे जाते. तिच्या माथ्यावर देवडीने एक ओळ लिहिलेली असते: हा अमुक वाचक आहे. माथ्यावरील अशा ओळीस 'हेडर' म्हणतात. जुन्या संकेतस्थळात बदल करावा लागतो तो एवढाच की, त्याने आपला संकेतशब्दाचा तक्ता दाखविण्याऐवजी ही ओळ वाचून घ्यावी.

वाचकाला वाटेल, काम झाले. परंतु खरा धोका येथूनच पुढे सुरू होतो.

रायगडच्या हिरकणीची कथा महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. दूध घालण्यासाठी गडावर गेलेली ही गवळण सूर्यास्तानंतर दरवाजे बंद झाल्यामुळे अडकली. पहारेकऱ्यांनी नियम मोडला नाही. घरी तान्हे मूल होते, म्हणून ती रात्री कडा उतरून गेली. शिवाजी महाराजांनी तिचा गौरव केला, असे ही दंतकथा सांगते. पण त्याबरोबर ज्या ठिकाणाहून ती उतरली तेथे बुरूज बांधून घेतला, असेही सांगते. कथेचा पूर्वार्ध आपण आईच्या प्रेमासाठी ऐकतो. गडाच्या रक्षणाचा विचार करणाऱ्याने उत्तरार्ध ऐकावा. दरवाजावरचा पहारा कितीही कडक असो, कडा उतरता येत असेल तर तो चढताही येईल.

आपल्या संकेतस्थळाचा कडा कोणता? जुने संकेतस्थळ देवडीच्या मागे उभे आहे खरे, पण त्याचा स्वतःचाही एक पत्ता असतो. तो पत्ता बाहेरून पोहोचता येण्याजोगा राहिला, तर कोणीही देवडी टाळून थेट त्याच्याशी बोलू शकेल. आणि बोलताना तो स्वतःच माथ्यावर ओळ लिहील: हा मुख्य ग्रंथपाल आहे. संकेतस्थळाला ओळ कोणी लिहिली हे कळत नाही. ते ओळ वाचते आणि मान लववते. संकेतशब्द चोरावा लागत नाही, सही बनवावी लागत नाही. पूर्वी निदान एक कच्चे कुलूप होते. देवडी बांधून आपण तेही काढून टाकलेले असते. देवडी बांधून कडा उघडा ठेवणे हे देवडी न बांधण्याहून वाईट आहे.

म्हणून आतील संकेतस्थळाने केवळ त्याच यंत्रावरून येणारे बोलणे ऐकावे, अशी व्यवस्था करावी. ओ-ऑथ-टू प्रॉक्सी ही आज्ञावली स्वतः मुळात १२७.०.०.१ या आत्मपत्त्यावर, ४१८० क्रमांकाच्या दारावर ऐकते, म्हणजे बाहेरच्या कोणालाही थेट ऐकू येत नाही; हाच नियम संकेतस्थळाला लावावा. संकेतस्थळ निराळ्या यंत्रावर असेल तर मध्ये भिंत घालून फक्त देवडीचा पत्ता आत येऊ द्यावा.

दुसरी वाट अधिक फसवी आहे. लबाड मनुष्य मुख्य दारानेच येतो, ओळखही खरी पटवितो, पण आपल्या मागणीच्या माथ्यावर आधीच एक खोटी ओळ लिहून आणतो. देवडीने तिच्याखाली आपली खरी ओळ लिहिली आणि आतील संकेतस्थळाने पहिलीच ओळ वाचली, तर? यासाठी देवडीने बाहेरून आलेली त्या नावाची प्रत्येक ओळ प्रथम पुसावी आणि मगच स्वतःची लिहावी. यातही एक खोच आहे. काही संगणक-भाषांच्या व्यवस्थेत हेडरच्या नावातील आडवी रेघ आणि अधोरेखा या दोन्हींचे आत गेल्यावर एकच चिन्ह होते. देवडी रेघेचे नाव पुसते, लबाड मनुष्य अधोरेखेचे नाव पाठवितो, आणि आत दोन्ही एक होतात. 'जँगो' या प्रसिद्ध चौकटीत हा दोष आढळला आणि जानेवारी २०१५ मध्ये तो दुरुस्त करण्यात आला. एनजिनएक्स तर अधोरेखा असलेली हेडरे आपण होऊनच टाकून देतो. ही सवय कोणी 'गैरसोयीची' म्हणून बंद करीत असेल तर त्याला असे करण्याचे कारण विचारावे.

देवडी 'कोण' ते सांगते. 'काय करू द्यावे' हे सांगत नाही. पुष्कळ ठिकाणी हा घोटाळा होतो. ओळख-केंद्र म्हणून एखादी जगभर पसरलेली टपालसेवा निवडली आणि 'ज्याची ओळख पटेल त्याला आत घ्या' असे लिहिले, तर जगातील कोणीही मनुष्य स्वतःची खरीखुरी ओळख पटवून वाचनालयात शिरेल. त्याची ओळख खरी आहे. तो आपला सभासद मात्र नाही. सभासदांची यादी वाचनालयानेच ठेवावी आणि ग्रंथपाल कोण, वाचक कोण, हेही तेथेच ठरावे.

या यादीतील नावे ओळख-केंद्राच्या नोंदीशी जोडताना मोबाइल क्रमांकावर भिस्त ठेवू नये. बंद पडलेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, आणि नव्या ग्राहकासोबत जुन्याचे खाते जाते. ओळखपत्रात प्रत्येक व्यक्तीसाठी न बदलणारा एक क्रमांक असतो. जोडणी त्या क्रमांकाशी करावी. कोणी कोणते पुस्तक नेले ही ज्याची त्याची खासगी गोष्ट आहे. एखाद्या मुलीने कायद्याचे किंवा आरोग्याचे पुस्तक नेले असेल, तर ते घरच्यांना कळावे की नाही हे तिने ठरवावयाचे आहे. एका पुनर्वाटप झालेल्या क्रमांकाने नव्हे.

आता बाहेर पडण्याविषयी. आत येण्याइतकेच ते महत्त्वाचे आहे, आणि सामायिक संगणकावर तर अधिकच. वाचक 'लॉग-आऊट' ही कळ दाबतो तेव्हा त्याला वाटते की, आपण बाहेर पडलो. वस्तुतः त्याच्या नावे तीन परवाने निघालेले आहेत: एक जुन्या संकेतस्थळाचा, एक देवडीचा, एक जबलपूरच्या ओळख-केंद्राचा. संकेतस्थळाची कळ फक्त पहिला फाडते. पुढच्या क्षणी दुसरा मनुष्य त्याच खुर्चीवर बसतो, तोच पत्ता टाइप करतो. देवडी आपला परवाना पाहून त्याला निमूटपणे आत सोडते, आणि तो पहिल्या वाचकाच्या नावाने आत असतो. देवडीचा परवाना फाडला तरीही केंद्राचा शिल्लक असल्याने ब्राउझर तेथे जाऊन काहीही न विचारता नवी पावती घेऊन येतो. पूर्वी चार संकेतशब्दांचा त्रास होता, पण एक खाते उघडे राहिले तर एकच उघडे राही. आता एक उघडे राहिले की सगळीच उघडी राहतात.

ओ-ऑथ-टू प्रॉक्सीच्या परवान्याची मुदत, काही बदल न केल्यास, १६८ तास, म्हणजे सात दिवस असते. स्वतःच्या टेबलावरच्या संगणकासाठी ती सोयीची आहे. कुंडमच्या वाचनालयातील एका संगणकावर सात दिवसांत किती माणसे बसतील, याचा हिशेब वाचकाने करावा. तेथे मुदत तास-दोन तासांची ठेवावी. लॉग-आऊटची कळ देवडीच्या आणि तेथून केंद्राच्या निर्गमनाच्या पत्त्यापर्यंत नेऊन पोहोचवावी. आणि ब्राउझर बंद होताच सर्व कुकी पुसल्या जातील अशी त्याची मांडणी करावी. यांतील शेवटचा उपाय सर्वांत साधा आहे, आणि अनुवादकाच्या मते सर्वांत खात्रीचाही, कारण तो वाचकाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून नाही.

हाच प्रश्न देशव्यापी प्रमाणावरही उभा आहे. केंद्र शासनाने जुलै २०२२ मध्ये 'मेरी पहचान' ही राष्ट्रीय एकल प्रवेश सेवा सुरू केली. तीत डिजिलॉकर, जन परिचय आणि मुंबईच्या सी-डॅकने घडविलेले ई-प्रमाण, या तीन ओळख-सेवा एकत्र आल्या. नागरिकाने यांपैकी एकीकडे ओळख पटवावी आणि शासनाच्या अनेक सेवांत जावे. सोय मोठी आहे. पण त्याच प्रमाणात सामायिक संगणकावर विसरलेल्या एका लॉग-आऊटची किंमतही मोठी झाली आहे.

राहिली गोष्ट केंद्र बंद पडण्याची. जबलपूरची वीज गेली किंवा मधली तार तुटली तर कुंडमच्या वाचकाला स्वतःच्या गावातील पुस्तकाचीही नोंद करता येणार नाही. ज्यांचा परवाना जिवंत आहे ते आत राहतील. नवीन कोणी येणार नाही. यासाठी व्यवस्थापकाला संकटसमयीची एक निराळी वाट ठेवावी, ती फक्त सर्व्हरच्या खोलीतूनच उघडेल अशी. किल्ल्यांना चोरदिंडी असे, तशीच ही. तिचा संकेतशब्द लखोट्यात घालून मोहोर करून कपाटात ठेवावा. मोहोर तुटलेली दिसली की, ती कोणी व का तोडली, हे विचारता येते.

संकेतस्थळ लोकांना खुले करण्यापूर्वी एक चाचणी स्वतः करून पाहावी. ती चार गोष्टींची आहे आणि तिला अर्धा तास पुरतो. वाचनालयाबाहेरच्या एखाद्या संगणकावरून आतील संकेतस्थळाच्या थेट पत्त्याशी बोलण्याचा प्रयत्न करावा. उत्तरच येता कामा नये. मग देवडीच्या पत्त्यावर, परवाना न दाखविता, माथ्यावर ग्रंथपालाच्या नावाची खोटी ओळ लिहून मागणी पाठवावी; देवडीने ओळख-केंद्राकडे बोट दाखवावे. नंतर साध्या वाचकाच्या नावाने खरोखर आत शिरून तीच खोटी ओळ पुन्हा पाठवावी, एकदा रेघेने व एकदा अधोरेखेने. आतील पानावर साध्या वाचकाचेच नाव दिसावे. शेवटी लॉग-आऊट करून, खुर्चीवरून न उठता, तोच पत्ता पुन्हा टाइप करावा. पडद्यावर ओळख-केंद्राचा कोरा तक्ता आला तर दार बंद झाले आहे; वाचकाचे नाव आले तर वाचनालयाच्या दारावरचा 'उद्यापासून सुरू' हा फलक काढून ठेवावा आणि निर्गमनाची मांडणी पुन्हा तपासावयास बसावे.